पंप विकल्यानंतर

राफ्टचं, म्हणजे इमारतीच्या पायातल्या सलग स्लॅबचं, काँक्रीट सुरू व्हायला अर्धा तास होता. रात्रीचं काम, कारण दिवसा शहरात मिक्सरच्या गाड्यांना बंदी. काँक्रीट पंपाच्या ऑपरेटरने वॉटर बॉक्सचं झाकण उचललं, दोन बोटं आतल्या पाण्यात बुडवली, अंगठ्याने चोळून पाहिली आणि साइट इंजिनिअरला म्हणाला, "साहेब, रॅम जायला आलाय. आत्ताच बदलतो, दोन तास द्या." इंजिनिअरचं लक्ष फोनवर. प्लांटवरून दोन गाड्या सुटल्या होत्या. "एवढा राफ्ट निघू दे, मग काय ते बदल." १८० घनमीटरच्या आसपास माल गेला आणि पंपाचा दम संपला. वॉटर बॉक्समध्ये पाण्याऐवजी राखाडी चिखल, पिस्टनचा स्ट्रोक पूर्ण होतोय पण पाईपच्या लाईनमधून निम्मा माल येतोय, आणि रॅम बाहेर काढला तेव्हा त्याच्या रबराची कड एका बाजूने पूर्ण फाटलेली. दुसरा पंप येऊन उभा राहीपर्यंत राफ्टच्या एका कडेचा माल बसला होता. तिथे कोल्ड जॉइंट (जुना-नवा माल एकजीव न झालेला सांधा) झाला आणि पुढचे कितीतरी दिवस त्यावर पत्रव्यवहार चालला.

घाई सगळीकडेच असते, त्यामुळे इंजिनिअरच्या उत्तराचं नवल वाटलं नाही. मनात राहिली ती दोन बोटं.

पंपाच्या पोटात दोन सिलिंडर एकामागे एक जोडलेले असतात: मागे हायड्रॉलिक तेलाचा, पुढे काँक्रीटचा. दोहोंच्या मधली झाकणाची पेटी म्हणजे वॉटर बॉक्स. त्यातलं पाणी पिस्टनचा दांडा थंड ठेवतं, काँक्रीट सिलिंडरची क्रोम केलेली आतली बाजू धुतं आणि तेलाच्या सीलपर्यंत सिमेंट पोहोचू देत नाही. पुढच्या टोकाला असतो रॅम, इंजेक्शनच्या सिरिंजमधल्या रबरासारखा, फक्त २०० मिलीमीटर व्यासाचा. त्याची कड झिजली की दर स्ट्रोकला सिमेंटचं थोडं पाणी मागे झिरपतं. पाणी नुसतं गढूळ दिसलं तर अजून वेळ आहे. बोटाला बारीक कचकच लागली तर वाळू मागे यायला लागली आहे, आणि वाळू क्रोमवर घासली की नुकसान रॅमपुरतं राहत नाही, सिलिंडर जातो. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर दुखणं दुसऱ्या टोकाला आहे, दांड्याचं सील गळतंय. एका पेटीतल्या पाण्यावरून दोन वेगळ्या दुरुस्त्या ओळखता येतात. त्यासाठी पाणी रोज शिफ्टला बदललेलं हवं, नाहीतर कालचा गाळ आज फसवतो. रॅम बदलणं अवघड नाही. पिस्टन पूर्ण मागे वॉटर बॉक्सपर्यंत आणायचा, इंजिन बंद करायचं, अ‍ॅक्युम्युलेटरचा (दाब साठवणाऱ्या टाकीचा) दाब शून्यावर आला हे गेजवर बघायचं, पाणी सोडायचं, बोल्ट काढून जुना रॅम उचलायचा, नव्याला सगळीकडून ग्रीस लावून बसवायचा. दोघं असतील आणि रॅम पेटीत हजर असेल तर दीड-दोन तासांचं काम.

हे सगळं त्या ऑपरेटरला कोणी शिकवलं असेल? हे शिक्षण आयटीआयच्या फळ्यावर सहसा नसतं. ते पंप बनवणाऱ्या कंपनीच्या इथल्या माणसांकडून आलेलं असतं, थेट नाहीतर एका हाताआडून. परदेशी यंत्र-कंपनीची इथली उपकंपनी वाढली म्हणजे नक्की काय वाढलं, हा प्रश्न आला की वार्षिक विक्रीचा तक्ता समोर ठेवला जातो. पण वाढ खरी कुठे झाली ते बघायचं तर अशा बोटांकडे बघावं लागतं.

काँक्रीट पंपाच्या धंद्यातली दोन मोठी नावं जर्मनीची. श्विंग १९३४ साली हेर्नेत सुरू झाली, पुट्झमाइस्टर १९५८ साली, कार्ल श्लेश्ट यांनी काढलेली, स्टुटगार्टजवळच्या आइश्टालची. श्विंगने पुढे मेमिंगेनच्या स्टेटरला आपल्यात घेतलं. स्टेटर बॅचिंग प्लांट (काँक्रीटचे घटक मोजून मिसळणारी यंत्रणा) आणि मिक्सर बनवणारी. म्हणून १९९८ साली चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जी भारतीय कंपनी उभी राहिली ती श्विंग स्टेटर या जोडनावाने, आणि तिच्याकडे काँक्रीट बनवण्यापासून वर चढवण्यापर्यंतची सगळी साखळी होती. पुट्झमाइस्टरने गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जम बसवला. चीनची सानी चाकणला आली. रेडीमिक्स, म्हणजे प्लांटवर तयार होऊन गाडीतून येणारं काँक्रीट, इथे रुजू लागलं होतं तेव्हाचा हा काळ. त्याआधी स्लॅब म्हणजे मिक्सर, लिफ्ट आणि डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायामाणसांची रांग. पंप आला आणि रांग मोडली, पण पंप चालवायचा कसा हे माहीत असलेले लोक बोटावर मोजण्याइतके.

अशा कंपनीची पहिली पायरी बहुधा आयातीची. यंत्र बंदरात उतरतं, त्याच्यासोबत जर्मन तंत्रज्ञ येतो, चालवून दाखवतो, जातो. मग इथे जुळणी सुरू होते. त्यातही क्रम असतो. आधी लोखंडकाम इथे होतं: चौकट, हॉपर (ज्यात माल ओततात तो), पाण्याची टाकी, टेकू. मग इंजिन इथलं बसतं, कारण इंजिनाचा मेकॅनिक प्रत्येक तालुक्यात सापडतो. हायड्रॉलिक पंप, काँक्रीट सिलिंडरचं हार्ड क्रोम आणि बूमचं (ट्रकवरच्या घडीच्या लांब हाताचं) जास्त ताकदीचं पातळ पोलाद सगळ्यात शेवटी, कारण चूक झाली तर ती कारखान्यात दिसत नाही, साइटवर दिसते. या क्रमात घाई केलेली यंत्रं लगेच ओळखू येतात. हॉपरच्या कोपऱ्यातलं वेल्डिंग तडकतं, एजिटेटरच्या (हॉपरमधला माल ढवळणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये सिमेंट शिरतं आणि ग्रीसच्या नळ्या पहिल्या पावसाळ्यातच तुंबतात.

युरोपात पंप म्हटलं की ट्रकवरचा बूम पंप. इथे बाजार धरला तो ट्रेलर पंपाने, म्हणजे चाकांवरच्या, ओढून नेऊन एका जागी उभ्या करायच्या पंपाने. कारण सरळ आहे. ३६ मीटरचा बूम उघडायला पुढचे टेकू जवळजवळ ६ मीटर रुंद पसरावे लागतात, खाली जमीन ठोस लागते, वर विजेच्या तारा नकोत. आपल्या गल्ल्यांत हे तिन्ही एकत्र मिळत नाही. ट्रेलर पंप मात्र गेटपाशी उभा राहतो, ३-३ मीटरचे पाईप क्लॅम्पने जोडत लाईन जिन्यातून किंवा डक्टमधून वर जाते, आणि त्याच टॉवरवर दोन-तीन वर्षं मुक्काम करते. या एका गोष्टीने उपकंपनीचं सगळं गणित बदललं. बूम पंप रोज डेपोत परत येतो, तिथे तो तपासता येतो. ट्रेलर पंप परत येतच नाही. मेकॅनिकलाच त्याच्याकडे जावं लागतं, आणि तो धुळ्याच्या पुढे एखाद्या कालव्यावर उभा असेल तर तिथेही. म्हणून नकाशावर कारखाना कुठे आहे याला फार अर्थ नाही. सर्व्हिसची गाडी रात्री निघाली तर सकाळपर्यंत कुठवर पोहोचते, ती कंपनीची खरी हद्द.

मालाचं दुखणं तर याहून मोठं होतं. ऱ्हाईनकाठच्या काँक्रीटमध्ये नदीची गोल, गुळगुळीत खडी असते. ती पाईपमधून स्वतःहून सरकते. आपल्याकडे काळा बेसाल्ट फोडून काढलेली टोकदार खडी, आणि नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यापासून क्रश सँड. ही वाळूसुद्धा फोडलेलीच, कडा धारदार. तिच्यात भुकटी भरपूर असते (२०१६ च्या आयएस ३८३ या भारतीय मानकानुसार फोडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते), पण ३०० ते ६०० मायक्रॉनमधले कण अनेकदा कमी पडतात. नेमके हेच कण खडीच्या फटी भरतात. ते नसले की दाबाखाली सिमेंटचं पाणी खडीला मागे सोडून पुढे पळतं, मागे कोरड्या खडीचा डाट बसतो, आणि तो बसतो पहिल्या बेंडमध्ये (पाईपच्या वळणात) नाहीतर रिड्युसरमध्ये (पाईप अरुंद होतो तिथे). २० मिलीमीटर खडीच्या मालात पाव मिलीमीटरहून बारीक कण, सिमेंट आणि फ्लाय अ‍ॅश (वीजकेंद्रातल्या कोळशाची बारीक राख) धरून, घनमीटरला ४०० ते ४५० किलो लागतात, तेव्हा पाईपच्या आतल्या बाजूला तो निसरडा थर टिकतो ज्यावर अख्खा माल सरकतो. थर तुटला की पंप कितीही अश्वशक्तीचा असो, उपयोग नाही. फ्लाय अ‍ॅशचे कण गोल असतात म्हणून मोठी मदत होते. पाणी वाढवून मात्र काहीच साधत नाही, उलट विलगीकरण वाढतं. तरी साइटवर पहिला उपाय म्हणून नळी मिक्सरच्या ड्रममध्येच सोडली जाते.

या बाबतीत मला इथल्या सर्व्हिस इंजिनिअरांबद्दल मनापासून आदर आहे. त्यांचं काम यंत्रापुरतं होतं. पण पंप जाम झाला की शिव्या पंपालाच पडतात, म्हणून त्यांना चाळण्या घेऊन खडी-वाळूची प्रतवारी करायला शिकावं लागलं, मिक्स डिझाइनवाल्याशी वाद घालावा लागला, रेडीमिक्सच्या प्लांटवर जाऊन स्लंप (माल किती सैल आहे ते मिलीमीटरमध्ये सांगणारं माप) बघावा लागला. प्लांटवर १६० असलेला स्लंप वाहतुकीत अडकून साइटवर १०० वर येतो. आयएस ४९२६ नुसार गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हायला हवी, आणि मे महिन्यात दोन तासांचा माल म्हणजे पंपासाठी जवळजवळ दगड. अ‍ॅडमिक्श्चरचा (माल सैल ठेवणाऱ्या रसायनाचा) काही भाग साइटवर घालायचा, पंप सावलीत नसला तरी लाईनवर ओलं गोणपाट टाकायचं, ही शहाणपणं जर्मन पुस्तिकेत नव्हती. ती इथून तिकडे गेली.

उन्हाचा दुसरा फटका तेलाला. थंड देशात ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल चालतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात तेच तेल दुपारी इतकं पातळ होतं की पंपाची आतली गळती वाढते आणि दाब हवा तेवढा उठत नाही, म्हणून जास्त दाट ६८ ग्रेड घालतात. तेलाचा काटा ८० अंशांकडे सरकला की थांबायला हवं. पण आधी कूलर बघावा. दहातल्या आठ वेळा त्याच्या पातळ पात्यांमध्ये सिमेंटची धूळ बसून ती ओल्या हवेने घट्ट झालेली असते. प्रेशर वॉशरचा झोत समोरून मारला तर ती आणखी आत जाते. हवा ज्या दिशेने बाहेर पडते तिकडून उलटा मारायचा, आणि तोही लांबून, नाहीतर पाती वाकतात.

आता झिजणाऱ्या भागांकडे येतो, कारण माझ्या मते उपकंपनी जगते ती यांच्यावर.

हॉपरच्या आत एस आकाराची एक नळी असते, एस-व्हॉल्व्ह. ती एका सिलिंडरसमोरून दुसऱ्यासमोर पाव सेकंदाच्या आसपास सरकते. तेवढा झटका देण्यासाठी नायट्रोजन भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर दाब साठवून ठेवतो (त्यात नायट्रोजनच भरायचा, ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो). नळीच्या तोंडावर कटिंग रिंग, तिच्यासमोर चष्म्याच्या आकाराची दोन भोकांची वेअर प्लेट. या दोघींची गाठ जितकी घट्ट तितका पंप जोरकस. बेसाल्टची खडी या दोघींच्या मध्ये सापडून मिनिटाला वीसेक वेळा कातरली जाते. झिजत झिजत फट मिलीमीटरभर झाली की दर स्ट्रोकला सिमेंटचं पाणी हॉपरमध्ये परत उडतं, लाईनमध्ये कोरडा माल जातो, आणि जाम होतो पंपापासून पहिल्या काही मीटरांत. ऑपरेटर मग मालाला दोष देतो, प्लांटवाला पंपाला. खात्री करायची तर हॉपर धुवून बॅटरी मारून बघायचं. प्लेटवर गोलाकार चरे पडलेले असतात. सुरुवातीला मागचा नट आवळून फट कमी करता येते. रिंग एकाच बाजूने झिजली असेल तर ती फिरवून बसवता येते. पण चरे पडलेल्या जुन्या प्लेटसमोर नवी रिंग लावली तर नवी रिंगही तिच्याच वळणावर जाते. बदलायच्या तर दोघी एकदम.

हे भाग बाजारात हुबेहूब मिळतात. रंगही तोच, आकारही तोच. फरक कडेवरच्या कार्बाइडमध्ये (झीज सोसणाऱ्या अतिकठीण थरात), आणि ते किती खोल भरलंय ते डोळ्यांना दिसत नाही. स्वस्त प्लेटवर कार्बाइडचा पातळ थर असतो. तो निघाला की खालचं पोलाद चार-पाच स्लॅबमध्ये खलास. ठेकेदाराने स्वस्त घेतलं म्हणून त्याला वेडा ठरवणं सोपं आहे. पण तो काय करणार? शनिवारी संध्याकाळी प्लेट गेली, सोमवारी सकाळी स्लॅब आहे, कंपनीचं स्टोअर चारशे किलोमीटरवर आणि रविवारी बंद. बाजारातला दुकानदार मात्र फोन उचलतो. ज्या उपकंपनीने हे ओळखलं तिने शहरोशहरी छोटी स्टोअर काढली, कधी डीलरच्या दुकानात एक कपाट एवढंच, आणि त्यात मोजके नग ठेवले: रॅमची जोडी, कटिंग रिंग, वेअर प्लेट, एस-व्हॉल्व्हच्या बेअरिंगचे सील, शिफ्टिंग सिलिंडरचा सील किट, रिटर्न फिल्टर, एजिटेटरचा शाफ्ट सील. पंप बंद पडण्याची बहुतेक कारणं या कपाटात मावतात. महागडा कंट्रोल ब्लॉक मुख्य गोदामात राहिला तरी चालतो, तो क्वचित जातो. मंदीच्या वर्षांत नवे पंप विकले जात नाहीत, पण आधी विकलेले चालूच असतात आणि झिजतच असतात. ज्यांची कपाटं जागेवर होती त्यांना हे दिवस काढता आले. ज्यांनी नुसती यंत्रं विकली त्यांच्या पंपांचे हॉपर भंगारात दिसतात, आणि त्यातले कित्येक एका सीलपायी तिथे गेले आहेत.

माणसं घडवणं याहून संथ. पंपावर येणारा मुलगा बहुधा आधी क्लॅम्प उचलणारा हेल्पर असतो. दोन वर्षं तो लिव्हर बघतो, मग एके दिवशी ऑपरेटर गावाला जातो आणि हा उभा राहतो. आता कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रं आहेत, इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं प्रमाणपत्रही आहे. चांगल्या प्रशिक्षणात पहिले काही दिवस पंप सुरूच करू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. आधी गेज वाचायला शिकवतात. निरोगी लाईनमध्ये काटा दर स्ट्रोकला चढतो आणि पडतो, शिखर रोजच्या जागेवर. जाम व्हायच्या आधी शिखर दर स्ट्रोकला थोडं थोडं वर सरकतं आणि लाईन हिसके देते. त्या क्षणी वेग कमी करून दोन-तीन स्ट्रोक उलटे घ्यायचे, माल हॉपरमध्ये परत आणायचा, एजिटेटरने पुन्हा मिसळायचा, मग हळू पुढे. दोनदा करूनही काटा चढला तर तिसऱ्यांदा जोर लावायचा नाही. जोराने डाट आणखी घट्ट बसतो. मग हातोडीने लाईन वाजवत जायचं. मोकळा पाईप आणि भरून आवळलेला पाईप यांचा आवाज वेगळा, आवळलेला मुका लागतो. जागा सापडली की क्लॅम्पला हात लावण्याआधी पंप पुन्हा उलटा चालवून दाब उतरवायचा.

हे शेवटचं वाक्य न पाळल्यामुळे लोक मेले आहेत.

हिशेब करून बघा. लाईन सव्वाशे मिलीमीटरची. आत ७० बार दाब अडकला असेल तर त्या तोंडावर साडेआठ टनांहून जास्त जोर असतो, आणि तो एका क्लॅम्पच्या खिळीने धरलेला असतो. खिळी हातोडीने उडवली की पाईप कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. लाईन धुतानाही तेच. स्पंजचा गोळा पाण्याने ढकलला तर वेळ लागतो, चिखल होतो, पण पाणी दाबून साठत नाही. हवेने ढकलला तर पटकन होतं, आणि गोळा शेवटच्या काही मीटरांत आला की मागची सगळी हवा एकदम सुटते. टोकाला जाळीची टोपली नसेल आणि समोर माणूस उभा असेल तर पुढचं सांगायला नको. प्रशिक्षणातून आलेला ऑपरेटर टोकापासून माणसं आधी हटवतो. एवढ्या एका सवयीसाठी अख्खं केंद्र चालवावं लागलं तरी ते चालवावं, असं माझं ठाम मत आहे.

बुर्ज खलिफाला पुट्झमाइस्टरच्या पंपाने ६०६ मीटर उंचीवर काँक्रीट चढवलं, ते जगभर गाजलं. २००९ साली हिमाचल प्रदेशात पार्वती जलविद्युत प्रकल्पावर श्विंग स्टेटरच्या पंपाने ७१५ मीटरची उंची गाठली, त्याची चर्चा धंद्याबाहेर फारशी झाली नाही. काँक्रीटच्या वजनानेच दर मीटरला पाव बारच्या जरा खाली दाब लागतो, म्हणजे ७१५ मीटरला नुसत्या उंचीचेच १६५ बारहून जास्त, घर्षण वेगळं. तिथे पाईपचा प्रत्येक सांधा, मिक्समधली प्रत्येक गोणी, दोन गाड्यांमधलं अंतर सगळं जमून यावं लागतं. इथल्या टीमने ते डोंगरात जमवलं. पुढे २०१२ साली दोन्ही जर्मन घराण्यांची मालकी चीनकडे गेली, पुट्झमाइस्टर सानीने घेतली, श्विंगमधला मोठा हिस्सा एक्ससीएमजीने. साइटवरच्या ऑपरेटरचा पहिला प्रश्न होता, रॅम आता कुठून येणार? तो पूर्वीच्याच कपाटातून येत राहिला, हे इथल्या कंपन्यांचं श्रेय. मूळ घराला धक्का बसला तरी शाखा उभी राहिली, कारण तोवर तिचं लोखंड, तिचे मेकॅनिक आणि तिचं गिऱ्हाईक इथलं झालं होतं.

एक जागा मात्र अजून कोणाचीच नाही, आणि तिची काळजी वाटते. ती म्हणजे लाईन. पंप कंपनीचा, माल प्लांटचा, आणि पाईप? ते ठेकेदार बाजारातून वजनावर घेतो, जुने-नवे मिसळतो. सर्व्हिस इंजिनिअर येतो, पंप तपासतो, रिपोर्टवर सही घेतो आणि हॉपरच्या आउटलेटपाशी त्याची जबाबदारी संपते. नवा पाईप साडेचार मिलीमीटर जाड असतो. आडव्या लाईनमध्ये तो खालच्या बाजूने जास्त झिजतो, म्हणून अधूनमधून तिसरा हिस्सा फिरवून बसवायचा असतो. बेंड बाहेरच्या वळणावर झिजतो. भिंत २ मिलीमीटर उरली की ७० बारला पोलादावर सुमारे २२० मेगापास्कल ताण येतो, आणि साध्या पाईपचं पोलाद २५० च्या आसपास वाकायला लागतं. म्हणजे हाताशी राखीव काहीच उरलेलं नाही. तो पाईप डक्टमध्ये फुटला तर डक्टमध्ये माणूस असतोच, कारण क्लॅम्प बघायला कोणीतरी तिथे उभा केलेला असतो.

जाडी मोजायचा अल्ट्रासॉनिक गेज सर्व्हिसच्या गाडीत आधीपासून आहे, बूमच्या पाईपसाठी तो वापरलाही जातो. तोच उभ्या लाईनला लावायला अर्धा तास पुरेल. सगळी लाईन मोजायची गरज नाही, कारण दाब आणि झीज दोन्ही तळाशी जास्त: पंपानंतरचे पहिले चार-पाच पाईप, उभं वळण घेणारा बेंड त्याच्या बाहेरच्या बाजूने, गेट व्हॉल्व्हच्या पुढचा पाईप आणि रिड्युसर. प्रत्येकावर चार बाजूंनी चार आकडे घ्यायचे, सगळ्यात कमी आकडा खडूने पाईपवर आणि पेनाने रिपोर्टवर लिहायचा, अडीचच्या खाली आलेल्या पाईपला लाल पट्टा मारून तो शेवटच्या मजल्यावर टोकाला नेऊन लावायचा, तिथे दाब नगण्य असतो, आणि दोनच्या खाली गेलेला तिथल्या तिथे गॅस कटरने कापून टाकायचा, म्हणजे पुढच्या साइटवर तो कोणी पुन्हा जोडणार नाही.